पायाळू सुनेचे अंगठे

...तर दशरथ आमच्या खोलीत चटईवर पालथा पडला होता आणि ओरडत होता, "वयनी, एक लाथ घाल गो, माका मोकळो कर!"

ही वयनी म्हणजे आमची धाकटी सून नलिनी. पंच्याऐंशीच्या गणपतीतली गोष्ट. घाटकोपरला भटवाडीत आमची चाळ, सगळी कोकणातली माणसं. नलिनी पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेली, हे लग्नातच सगळ्यांना कळलं होतं. पायाळू माणसाने लाथ मारली की उसण उतरते, यावर आमच्या लोकांचा भारी विश्वास. माहेरी पोरीने किती पाठी तुडवल्या असतील, देव जाणे! पण पुढे ती फिजिओथेरपी शिकली. मी गावच्या शाळेत चौथी झालेला. हा शब्द मला अजून एका दमात म्हणता येत नाही, तरी भेटेल त्याला सांगतोच.

दशरथ आमच्या भजन मंडळाचा पखवाजवाला. मान वळेना, कानामागे ठणका, आणि शनिवारी भांडुपच्या मंडळाशी डबलबारी. दोन मंडळांचा भजनाचा सामना तो. पखवाजच नसेल तर बुवा गाणार कशावर?

नलिनी म्हणाली, "लाथबीथ काही नाही, भावोजी. उठून बसा."

तिने त्याच्या खांद्यावर बोटं फिरवली आणि मानेच्या मुळाशी एके जागी अंगठा रोवला. दशरथ किंचाळला, "अगो, कळ डोक्यात गेली!"

"हीच ती गाठ. स्नायू आवळून बसलाय इथे, आणि दुखतंय तुमच्या डोक्यात."

गाठ सैल पडेपर्यंत अंगठा तिने तसाच धरला. मग मान हळूहळू ताणली, गरम पाण्यातला टॉवेल पिळून ठेवला. रोज हेच. दशरथला बरं वाटायचं, पण भजनाच्या तालमीहून आला की मानेचं पुन्हा लाकूड. आमची सोनूबाई, तिची सासू, वैतागली. "मार की गं एक लाथ, तुझं काय जातंय?"

नलिनीने पदर खोचला आणि थेट तालमीला जाऊन बसली. बघते तर काय, दशरथ बाजूला बसून, खांदा कानाला लावून, मान मुरडून सारखा गाणाऱ्या जयवंतबुवांच्या तोंडाकडे बघतोय! तिने त्याला उठवून बुवांच्या समोर बसवलं.

बुवा कुरकुरले, "पखवाज असा बसतो काय कधी?"

"बसू दे बुवा. नाहीतर शनिवारी पखवाज घरी झोपेल."

शनिवारी दशरथने असा काही हात सोडला की भांडुपवालेच डोलायला लागले. मी शेजारच्या अनोळखी माणसालाही सांगून टाकलं, ती मान आमच्या सुनेने सोडवलीय.

बारी संपल्यावर दशरथ हात जोडून तिच्यापुढे उभा. "वयनी, पायाळूचो गुण खोटो नाय! लाथ न मारताच उसण उतरली!"

नलिनी म्हणाली, "भावोजी, गुण या अंगठ्यांचा. आणि उद्या सकाळी मानेच्या व्यायामाला आला नाहीत ना, तर मात्र लाथ नक्की!"