डावीकडं ओढणारी गाडी

लता गेल्याचं मला तिच्या मुलीनं, प्रणालीनं कळवलं. दुपारची वेळ होती. दुकानात एक जीप मशीनवर चढवलेली होती आणि मी तिच्या पुढच्या चाकापाशी उकिडवा बसलो होतो. "मामा, आई गेली," एवढंच ती म्हणाली आणि फोन तसाच चालू राहिला... पलीकडं दवाखान्यातला गलका ऐकू येत होता. लसीकरणाचा दिवस होता. उपकेंद्रात बाळांना टोचता टोचता लताच्या छातीत कळ आली, ती खुर्चीवर टेकली आणि पुन्हा उठली नाही. त्या दिवशी अँब्युलन्स मात्र लगेच आली. तिचा काही उपयोग झाला नाही.

आम्ही दोघं शाळेत एका वर्गात होतो. पुढं मी शिरूरला हायवेवर गाड्यांच्या चाकांचं अलाइनमेंट-बॅलन्सिंगचं दुकान टाकलं आणि ती नर्स झाली. लग्न होऊन दौंडला गेली, नवरा रेल्वेत होता, तो लवकर वारला. नोकरी इनामगावच्या बाजूला, माहेरच्याच पट्ट्यात मिळाली, म्हणून रोज दौंडहून येऊन-जाऊन करायची. तोंडानं फटकळ. मुलगी झाली म्हणून तोंड पाडून बसलेल्या एका सासूला भरल्या खोलीत म्हणाली होती, "आन् तुम्ही काय जन्मला होता ओ?" बायका तिला भ्यायच्या आणि वेळ आली की तिलाच हाक मारायच्या.

वडील गेल्यावर तिच्या थोरल्या भावानं, भाऊसाहेबांनी, तिला शिरूरला नेऊन जमिनीच्या हक्कसोडीवर सही घेतली. नदीकाठची बागायत जमीन. लतानं वाचूनसुद्धा पाहिलं नाही, भावापुढं काय वाचायचं? त्याच वर्षी भाऊबीजेला भाऊसाहेबांनी आपली वापरातली गाडी तिला दिली. अंगणात पाहुणे जमवले, बॉनेटला हार घातला, पेढे वाटले. "माझ्या बहिणीनं एसटीची वाट का बघायची?" असं मोठ्यानं म्हणाले. लोकांनी भावाचं कौतुक केलं, लता पदरानं डोळे पुसत राहिली. गाडी तिच्या नावावर करायची राहिली होती. "कागदं करू सवडीनं," भाऊसाहेब म्हणाले.

थोड्याच दिवसांत ती गाडी घेऊन माझ्याकडं आली. "वसंता, साठच्या पुढं गेलं की स्टेअरिंग थडाथडा उडतंय. हातात मुंग्या येतात." मी चाकांचं बॅलन्सिंग केलं, वजनं लावली, थरथर गेली. काही आठवड्यांनी परत आली, तेच दुखणं. या वेळी डावा पुढचा टायर पाहिला तर त्याची बाहेरची कड खाल्लेली होती, आतली बाजू मात्र जशीच्या तशी. टायर असा एकीकडून झिजला की गोल राहत नाही, मग नुसतं बॅलन्सिंग करून भागत नाही. टायर बदलला, अलाइनमेंट केली, सांधे तपासले. उसाच्या ट्रेलरांनी आमच्याकडचे रस्ते असे उखडलेत की कुणाच्याही गाडीचं चाक वाकडं होईल, असं मलाही वाटलं. पण नवा टायर त्याच कडेला झिजायला लागला आणि गाडी डावीकडं ओढत राहिली. लता हसून म्हणायची, "माहेरची हाय, हट्टी असणारच."

मग तो दिवस आला. वस्तीवरची एक बाई अडली होती, अँब्युलन्स दुसऱ्या केसवर गेली होती. लतानं तिला गाडीत घेतलं आणि शिरूरची वाट धरली. रस्ता मोकळा होता, पण साठच्या वर काटा गेला की स्टेअरिंग हातातून सुटायला बघायचं, गाडी कडेच्या खड्ड्याकडं धावायची. तिनं वेग कमी केला. मागं ती बाई ओरडत होती आणि तिची सासू "बाई, पळवा ना, पळवा ना" म्हणत होती... आई वाचली, बाळ वाचलं नाही. डॉक्टर म्हणाले, आधी आला असता तरी सांगता आलं नसतं. लता दवाखान्यातून सरळ माझ्या दुकानात आली. साडीवर डाग तसेच होते. "आज मला कळलंच पाहिजे," म्हणाली.

मी गाडी वर उचलली आणि या वेळी चाकांऐवजी वरच्या सांगाड्याकडं बघायला लागलो. खालून जाड काळा रंग मारलेला होता. डाव्या बाजूला तो खरवडला तशी जोडाची वेल्डिंग दिसली, हातोड्याच्या खुणा दिसल्या. दोन्ही बाजूंनी टेप लावून मापं घेतली. डावं पुढचं चाक मागं सरकलेलं होतं आणि खालून आत दाबलं गेलं होतं. ही गाडी कधीतरी जोरात ठोकलेली होती, सांगाडा वाकला होता, आणि वाकलेलाच ठेवून वरून रंगवून दिली होती. टायर कितीही बदलले तरी ती सरळ होणार नव्हती. मी लताला गाडीखाली बोलावलं आणि बोटानं दाखवलं. तिनं त्या वेल्डिंगवरून हात फिरवला. "दादाला ठाऊक असंल?" तिनं विचारलं. गाडी नवी घेतल्यापासून त्यांच्याकडंच होती; ठोकली त्यांनीच, रंगवली त्यांनीच. मी तसं तिला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिनं मला बरोबर नेलं. "मला त्यातलं बोलता येत नाही, तू सांग," म्हणाली. भाऊसाहेब ओसरीवर मोबाईल बघत बसले होते. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ठोकली व्हती एकदा. मग? नीट करूनच दिली नं? चालती नं? तुला काय शर्यतीला न्यायचीय?"

"दादा, बाई होती गाडीत. अडलेली."

"मग अँब्युलन्स बोलवायची. ती ड्युटी तुझी हाय, माझी न्हाई."

लता म्हणाली, "सही केली तवा तू म्हणाला होतास, तुला कधी काही कमी पडू देणार न्हाई."

भाऊसाहेबांनी मान वरसुद्धा केली नाही. "पडलंय का कमी?"

वहिनींनी आणलेला चहा तसाच राहिला. त्या दिवाळीला ती माहेरी गेली नाही, तिला कुणी बोलावलंही नाही. प्रणालीचं कॉलेज चालू होतं, दुसरी गाडी जमणारी नव्हती, आणि हिला विकावं तर कागदावर ती भावाचीच. वर्षानुवर्षं ती तीच गाडी चालवत राहिली. पेशंट मात्र पुन्हा कधी तिच्यात घेतला नाही.

दशक्रिया घोडनदीच्या काठी झाली. भाऊसाहेब पांढऱ्या कपड्यांत पुढंच होते, रडले पण. कावळा शिवला, लोक पांगायला लागले, तसं त्यांनी प्रणालीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "गाडीची किल्ली दे पोरी. माझ्या नावावर हाय, उद्या काही झालं तर लफडं माझ्यामागं." तिथं वडीलधारे उभे होते. ते आपापल्या चपला शोधायला लागले. मी बोललो, तर "तू घरातला न्हाईस, वसंता," असं भाऊसाहेबांनी शांतपणे सांगितलं. प्रणालीनं पर्समधून किल्ली काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. "मामा, हिच्यात कुणाला बसवू नका," एवढंच म्हणाली. त्यांनी किल्ली खिशात टाकली.

गेल्या आठवड्यात ती गाडी माझ्या दुकानात आली. शिक्रापूरला खोली करून राहणारा, कंपनीत कामाला असलेला एक तरुण ती घेऊन आला होता. मागच्या सीटवर बायको आणि मांडीवर तान्हं मूल. चारही टायर नवे कोरे होते. "मामा, स्टेअरिंग थरथरतंय बघा. एका साहेबांकडून घेतली. नर्सबाईंची गाडी म्हणाले, बाईमाणसानं जपून वापरलेली."

मी त्याला खाली बोलावून सगळं दाखवलं. त्याचा चेहरा उतरत गेला. "आमच्याकडं तर आता काहीच राहिलं न्हाई," तो हळूच बायकोकडं बघत म्हणाला. मी म्हणालो, "साहेबांकडं जाऊ, मी येतो संगं." तो म्हणाला, थरथरतंय म्हणून आधीच जाऊन आलो, ते भेटत नाहीत.

मग मी एकट्यानंच गाडी रस्त्यावर काढली. ती लगेच डावीकडं ओढायला लागली. सरळ जायचं तर उजव्या हातानं स्टेअरिंग सारखं खाली खेचून धरावं लागत होतं. माझा हात आपोआप जिथं गेला, तिथं स्टेअरिंगचं काळं रबर पार गुळगुळीत झालेलं होतं, तळहाताएवढं... माझ्या तळहातापेक्षा थोडं लहान.