पडद्याशेजारच्या दोघी

रोह्याच्या या थेटरात पडद्याच्या दोन्ही बाजूंना प्लास्टरच्या दोन बाया आहेत. माणसाएवढ्या उंचीच्या, भिंतीतून अर्ध्या बाहेर आलेल्या, हातात दिवा धरलेल्या. दिव्यांत पूर्वी खरे बल्ब होते आणि खेळ सुरू होताना सगळ्यात शेवटी ते विझत. थेटर बंद झाल्यावर हॉलमध्ये आधी सिमेंटची पोती राहिली, नंतर मांडववाल्याचे बांबू. बांबू आत-बाहेर करताना डावीचं नाक गेलं आणि उजवीचा हात कोपरापासून तुटला. छप्पर गळत होतं, त्यामुळे काही पावसाळ्यांत दोघींचे चेहरे धुऊन सपाट झाले.

मी हे पाहिलं तेव्हा वर्तमानपत्राच्या नोकरीतून मोकळा झालो होतो आणि आसपासच्या जुन्या थेटरांची माहिती गोळा करत होतो. बहुतेक ठिकाणी माहिती घ्यायला थेटर उरलेलं नव्हतं. रोह्याला होतं. मालकीणबाई सत्तरीच्या. थेटर सासऱ्यांनी बांधलं, नवऱ्याने चालवलं, आणि लग्न होऊन आल्यापासून शेवटच्या खेळापर्यंत तिकिटाच्या खिडकीत त्या बसल्या. मुलगा धाटावच्या कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. त्याला हॉल लग्नकार्यासाठी द्यायचा होता. त्यासाठी खुर्च्या काढून उतरती जमीन भर घालून सपाट करावी लागणार होती. ठेकेदार मापं घेऊनही गेला होता.

बाईंचं म्हणणं एवढंच होतं, की एकदा जमीन सपाट झाली की ते पुन्हा थेटर होणार नाही.

मायलेकांत ठरलं ते माझ्यासमोर ठरलं. मुलगा म्हणाला, "आई, लोक मोबाइलवर बघतात. येतील एकदा, मजा म्हणून. मध्यंतरात भजी खायला बाहेर पडतील नि तशेच घरी जातील."

"नाय जाणार."

"मग एक खेळ लाव. मी दारात उभा राहून मोजतो. मध्यंतराला बाहेर गेलेल्यांपैकी निम्मे परत आत आले, तर जमिनीला हात लावत नाय. नाय आले, तर ठेकेदाराला फोन."

"निम्मे म्हणजे निम्मे," बाई म्हणाल्या. "एक कमी पडला म्हणून कटकट करशील."

"एक कमी पडला तर मीच परत आत जाऊन बसतो," मुलगा म्हणाला. बाई हसल्या नाहीत.

मुलाने यात कसर ठेवली नाही हे नोंदवायला हवं. शिफ्ट संपवून तो येई आणि पत्र्यांवर चढे. परवानगीची धावाधाव त्यानेच केली. वटवाघळं हाकलली, खुर्च्यांच्या लाकडी पाठी धुतल्या, मोडक्या रांगा मागे नेल्या. जुनं यंत्र चालण्यासारखं नव्हतं म्हणून भाड्याचा प्रोजेक्टर ठरवला. राहिल्या त्या दोन बाया. बाई मला म्हणाल्या, "तुम्ही पेणचे ना? तुमच्याकडे गल्लीगल्लीत मूर्तिकार. एखादा आणा की."

गणपती होऊन गेले होते आणि कारखान्यांत जरा उसंत होती. माझ्या ओळखीचा एक मूर्तिकार पन्नाशीचा, तीन पिढ्यांचा कारागीर. त्याचं खास काम आखणीचं, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवण्याचं. मोठ्या कारखान्यांत साचे एकाचे, रंग दुसऱ्याचा, पण डोळ्यांसाठी ठरावीक माणसांनाच बोलावतात. तो यायला तयार झाला. त्याने एकच विचारलं, "त्या दिसायला कशा होत्या?"

मी माहिती काढतो म्हणालो. माहिती काढणं हे माझं काम होतं.

ते वाटलं त्यापेक्षा अवघड निघालं. मालकीणबाई जन्मभर खिडकीत बसलेल्या. तिकीटविक्री संपली की हिशेब, मग पुढच्या खेळाची रांग. आपल्याच थेटरात त्यांनी एकही चित्रपट पुरता पाहिलेला नव्हता. हॉलमध्ये त्या झाडून घ्यायच्या वेळी जात आणि तेव्हा नजर खाली असे. जुना ऑपरेटर अजून रोह्यातच राहतो. तो म्हणाला, "माझ्या भोकातून पडदा दिसायचा. बाजूला काय हाय ते मला कशाला दिसंल?" फोटो एक मिळाला. त्यात सासरे पडद्यापुढे उभे होते आणि बायांचे फक्त पाय आले होते.

म्हणजे थेटर चालवणाऱ्यांपैकी कोणी थेटर पाहिलेलं नव्हतं. पाहिलं होतं ते तिकीट काढून आलेल्यांनी. मी रोह्याच्या बाजारात विचारलं, नदीच्या पलीकडे विचारलं, पेण-रोहा गाडीत विचारलं. सगळ्यात नेमकी माहिती मिळाली कासू स्टेशनात गाडीत चढलेल्या सुकट विकणाऱ्या बाईकडून. तिचं माहेर रोह्याजवळ खाडीकाठी. लहानपणी ती बापाबरोबर मिठागरावरून थेट थेटरात यायची आणि पुढच्या बाकावर बसायची. तिने सांगितलं ते मी वहीत उतरवलं: लुगडं हिरवं, काठ लाल, दिवा उजवीच्या डाव्या हातात आणि डावीच्या उजव्या, गळ्यात ठुशी, नथ नाही.

"नथ नव्हती, नक्की?"

"नव्हती म्हंजे नव्हती. माझी आजी बोलायची, एवढं मोठं थेटर बांधलंय नि बायांना नथ द्यायला काय झालं."

आणखी दोन जणांकडून रंगाची खात्री करून मी वही मूर्तिकाराला दिली. त्याने आठ दिवस रोह्याला मुक्काम केला. हात बसवला, नाक घडवलं, चेहरे नव्याने उठवले, लुगडी रंगवली; मुलाने दिव्यांत नवे बल्ब बसवले. सगळ्यात शेवटी आखणी केली. त्या दिवशी त्याने कोणाला हॉलमध्ये येऊ दिलं नाही. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा दोघी जिवंत वाटत होत्या. पेणची रीत अशी, की मूर्तीसमोर कुठेही उभे राहा, ती आपल्याकडे बघते असं वाटलं पाहिजे. वर बुबुळांवर वार्निशचा एक हात देतात, म्हणजे डोळा ओला दिसतो. मालकीणबाईंनी हॉलमध्ये डावीकडे, उजवीकडे, मागे फिरून पाहिलं. म्हणाल्या, "सगळीकडून बघतात हो."

"काकी, बघायलाच पायजेत," मूर्तिकार म्हणाला. "नाय तर मी कशाला आलो?"

दिवाळीनंतरच्या रविवारी दुपारी तीनला खेळ लागला. जुना मराठी कौटुंबिक चित्रपट होता. बाई खिडकीत बसल्या, मुलगा दारात. हॉल भरला असं म्हणता येणार नाही, पण पुढचे बाक भरले आणि मागच्या रांगांत बऱ्यापैकी माणसं होती. मूर्तिकार मधल्या रांगेत कडेला बसला. सुकटवाली तिच्या जावेला घेऊन आली होती. ती पुढच्या बाकावर तिच्या जुन्या जागी बसली. मी तिच्या मागे होतो.

दिव्यांतले बल्ब विझले आणि पडदा उजळला.

पाच मिनिटांत चूक लक्षात आली. पडद्यावरचा उजेड उलटून बायांच्या चेहऱ्यांवर पडत होता आणि वार्निश लावलेले चार डोळे त्यात चमकत होते. पडद्यावर दिवस असला की जास्त, रात्र असली की कमी. प्रसंग बदलला की डोळे लुकलुकत. त्यात दोघी प्रेक्षकांकडे बघत होत्या, प्रत्येकाकडे. चित्रपटात सासरा आजारी पडला, त्याने सुनेला जवळ बोलावलं, आणि डावीकडच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "आरं, ती माझ्याकडंच बघतेय."

"तुझ्याकडं नाय, माझ्याकडं. मी कवापासनं बघतोय."

"दोघांकडं बघतेय. तिला दोघं पसंत हायेत."

हशा पिकला. सासरा गेला तेव्हाही लोक हसत होते. मान वळवून मी दाराकडे पाहिलं. मुलगा हाताची घडी घालून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. आपण म्हणालो तेच होतंय, असं म्हणत असल्यासारखा तो उभा होता.

सुकटवाली जावेला म्हणाली, "यांचे डोले असे नव्हते गो."

मी पुढे वाकून विचारलं, "कसे होते?"

"मिटलेले. खाली मान, मिटलेले डोले. आम्ही बोलायचो, रोजरोज तोच शिनेमा बघून बाया झोपल्या."

"तुम्ही मला सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही लुगडं विचारलंत, नथ विचारलीत."

ते खरं होतं. वही माझ्याकडे अजून आहे. त्या पानावर डोळ्यांबद्दल प्रश्न नाही. मूर्तीला डोळे असतात आणि ते उघडे असतात, हे पेणमध्ये वाढलेल्या माणसाला विचारावंसं वाटत नाही. मूर्तिकारालाही वाटलं नव्हतं.

मध्यंतराचे दिवे लागताच मी त्याच्याकडे गेलो आणि ऐकलेलं सांगितलं. तो आधीच उभा होता. मुलगाही तिथे आला. म्हणाला, "काळा रंग हाय आत. दोन मिनिटांत तो फासून डोळे पुसून टाका. आईचा खेळ फुकट जायला नको."

अट घालणारा तोच होता, आणि हेही तोच म्हणाला.

मूर्तिकार म्हणाला, "आखणी झालेला डोळा मी पुसत नाय. माझ्या बापाने पुसला नाय, आजाने नाय."

"अहो, हे देव नायत. थेटरातल्या बाया हायेत."

"बाया असू देत. डोळा तोच."

मुलगा वैतागून दाराकडे जायला निघाला, तेवढ्यात मूर्तिकार म्हणाला, "पुसत नाय बोललो. मिटत नाय असं नाय बोललो. शिडी आण."

त्याच्या पिशवीत ओल्या फडक्यात शाडूचा गोळा होता. मुलाने शिडी आणून डावीला लावली आणि स्वतः धरून उभा राहिला. मूर्तिकार चढला, गोळ्यातून सुपारीएवढी माती घेतली, अंगठ्याने चपटी केली आणि डोळ्याच्या वरच्या कडेला बसवून खाली ओढत आणली. पापणी तयार झाली. लाकडी कोरणीने तिची कड रेखली.

तोवर दहा-बारा जण भज्यांसाठी उठून दारापर्यंत गेले होते. ते दारातच थांबले. मग परत येऊन उभे राहिले. पुढच्या बाकावरून सूचना सुरू झाल्या.

"दादा, जरा खाली घ्या. अर्धी जागीच हाय ती."

"घाई करू नका, माती पडंल."

"पडली तर तुझ्या डोक्यावर पडंल, सरक की."

सुकटवाली उठून शिडीपाशी गेली आणि म्हणाली, "मान खाली घालवत नाय का हो?"

"मान आता काय वळत नाय, मावशी. पापणी जास्त ओढतो, म्हणजे खाली बघितल्यासारखं दिसंल."

"व्हय. तसंच व्हतं."

चार डोळे मिटायला पंचवीस मिनिटं लागली. तेवढा वेळ हॉलमधून कोणी बाहेर गेलं नाही. भजीवाला शेवटी ताट घेऊन आत आला. शेवटची पापणी झाली तेव्हा कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मूर्तिकाराने खाली उतरून हात फडक्याला पुसले आणि म्हणाला, "ही आजच्यापुरती. वार्निशवर माती टिकत नाय. नंतर प्लास्टरमध्ये करून देतो."

दिवे विझले. दोघी अंधारात गेल्या आणि पडदा तेवढा उरला. दुसऱ्या अर्ध्यात लोक हसायच्या जागी हसले. शेवटाच्या थोडं आधी वाळलेल्या मातीची एक पापणी निसटून खाली पडली, तेव्हा एक जण म्हणाला, "जागी झाली, संपत आलं वाटतं." पण तेवढंच. कोणी उठलं नाही.

खेळ सुटल्यावर मुलगा शिडी उचलत होता. मी विचारलं, मोजलं का?

"काय मोजू?" तो म्हणाला. "बाहेर गेलेल्यांपैकी परत किती आले ते मोजायचं होतं. बाहेर कोणी गेलंच नाय. शिडी धरून मीच आत होतो."

"मग अटीचं काय?"

तो आईला शोधत होता. बाई खिडकीत नव्हत्या. मध्यंतर एवढं लांबलं म्हणून काय झालं ते बघायला त्या आत आल्या होत्या आणि तिथेच बसल्या होत्या, शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीत. मांडीवर तिकिटांचा गठ्ठा आणि शिक्का होता. हॉल रिकामा झाला तरी त्या उठल्या नव्हत्या.

मुलगा म्हणाला, "आई, चल. झालं."

"ती सून एवढी रडली ती का रे?" त्यांनी विचारलं. "सासऱ्याने तिला काय सांगितलं होतं?"

"ते पहिल्या अर्ध्यात होतं."

"पहिल्या अर्ध्यात मी खिडकीत होते."

मुलाने शिडी भिंतीला लावली, त्यांच्या मांडीवरचा गठ्ठा आणि शिक्का उचलला आणि खिडकीकडे ठेवायला नेला.

पुढच्या रविवारी तोच चित्रपट पुन्हा लागला. मी तीनला दहा कमी असताना पोचलो. खिडकीत मुलगा बसला होता. त्याला शिक्का नीट मारता येत नव्हता, रांग खोळंबली होती आणि लोक त्याला बोलत होते. बाई आत, पाचव्या रांगेत मधोमध बसल्या होत्या. ठेकेदाराने जमिनीवर चुन्याने आखलेली मापाची रेघ त्यांच्या खुर्चीखालून जात होती.