अंबरनाथच्या वाटेवर मोडलेला उपवास

उल्हासनगर ते बदलापूर पायी जायचं खूळ माझं नव्हतं, आत्याचं होतं. नव्वदच्या दशकातला गुड फ्रायडे. पाण्याचा थेंब न घेता चालत जायचं आणि बदलापूरच्या छोट्या चर्चमध्ये उपासनेनंतर प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ दिलेली भाकर आणि द्राक्षरस, घ्यायचं, असा तिचा बेत. काही वर्षांपूर्वी अशाच गुड फ्रायडेला, आजारी आतोबांच्या उशाशी बसून, तिने उपवास मोडून चहा घेतला होता. संध्याकाळी आतोबा गेले. तेव्हापासून तिने चहा सोडला, आणि प्रभुभोजनाच्या वेळी ती बाकावरून उठेना. आपल्यामुळेच ते गेले, हे तिने मनाशी धरलं होतं. यंदा तिला त्याची फेड करायची होती.

सकाळी निघालो. उल्हासनगरच्या बाजारात दाल-पकवानचा घमघमाट सुटला होता. तुम्ही गेलात तर जरूर खा. आत्यासमोर मी नुसता आवंढा गिळला.

उन्हं चढली तसे सावलीसाठी अंबरनाथच्या शिवमंदिराकडे वळलो. काळ्या दगडातलं ते कोरीवकाम निवांत पाहण्यासारखं आहे. आम्हाला ते जमलं नाही, कारण फुलांच्या दुकानापाशी आत्या कोसळली. फुलवालीने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि गुळाचं पाणी तोंडाला लावलं.

"अहो, कडक उपास आहे तिचा!" मी म्हणालो.

"असू दे की. जीव गेल्यावर कोण करनार उपास?"

अर्धवट शुद्धीत आत्या पाणी प्यायली. भानावर आली आणि हमसून रडली. "गेलं रे सगळं! आता कशाला जायचं?"

मला तिची दया आली आणि रागही. हट्टाने तिला रिक्षात बसवलं. त्या वेळी रस्त्यात खड्डे फार, कंबरेचा पार खुळखुळा झाला.

बदलापूरला सगळे प्रभुभोजनासाठी पुढे गेले. आत्या मागेच, मान खाली घालून. चर्चचे म्हातारे पाळक, म्हणजे धर्मगुरू, भाकर घेऊन थेट तिच्या बाकापाशी आले. तिने रडत रडत गुळाच्या पाण्याचं सांगितलं.

"त्या बाईने पाणी देताना तुमची लायकी विचारली?"

"नाही. मी तर शुद्धीतही नव्हते."

"मग प्रभू तिच्याहून कठोर आहे का, बाई? लायकीवर मिळत असतं तर मलाही मिळालं नसतं. घ्या."

आत्याने दोन्ही हात पुढे केले. माझेही डोळे भरून आले.

त्या वाटेवर नंतर कितीदा गेलो. देऊळ, बाजार, सगळं पाहिलं. पण आठवते ती त्या दिवसाची संध्याकाळ. घरी पोचल्यावर आत्या स्टोव्हपाशी जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "माझ्या चहामुळे नाही ना रे गेले ते?"

"नाही, आत्या."

तिने डोळे पुसले, स्टोव्ह पेटवला आणि दोघांसाठी चहा टाकला.