मखराशेजारचा घोडा

अमेरिकेत पार्सिपनीतल्या आमच्या मराठी मंडळात एक काका होते. हृदयाचे नावाजलेले डॉक्टर, नुकतेच रिटायर झालेले. लंडनमधल्या तलवारीचा विषय निघाला की ते हटकून उभे राहायचे. "महाराजांची तलवार तिकडे काय म्हणून? चोरांनी चोरीचा माल परत करायलाच पाहिजे!" टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. मीही हात लाल होईपर्यंत वाजवायचे.

२००५च्या गणपतीत त्याच काकांकडे मी माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीला घेऊन गेले. ती चीनची, लुओयांगजवळच्या एका खेड्यातली. आमची क्युबिकल्स शेजारीशेजारी, बोलणं इंग्रजीतून. माझ्या डब्यातली थालीपिठं खाऊन खाऊन तिला आमच्या सणांचं कुतूहल वाटायला लागलं होतं.

मखराशेजारी मातीचा घोडा उभा होता. गुडघ्याएवढा, तपकिरी-हिरव्या झिलईचा, मान जरा वाकवलेली. गळ्यात झेंडूची माळ. काकांनी तिला मुद्दाम इंग्रजीतून सांगितलं, की हा तेराशे वर्षांपूर्वीचा आहे, ओरिजिनल, थेट थडग्यातून काढलेला. मेलेल्या सरदाराला पुढच्या प्रवासात स्वारीला हवा म्हणून सोबत पुरायचे. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "न्यूयॉर्कच्या डीलरकडून घेतला. रॉयल लुक आला की नाही आराशीला?"

घरात सुतक असलं तर गणपती न बसवणारी आम्ही माणसं! आणि इथे मढ्याशेजारून उचललेली वस्तू देवाच्या अंगाला खेटून ठेवलेली, तर सगळ्या काकू-मावश्या "वॉव" म्हणत घोड्यासोबत फोटो काढत होत्या. सोवळं म्हणे!

मैत्रीण घोड्यापुढून हलेना. मग हळूच मला म्हणाली, "कुठल्या गावचा आहे, विचारशील?" तिच्या लहानपणी त्यांच्या गव्हाच्या शेतात सकाळी माणूस उतरेल एवढी भोकं दिसायची. खालचं थडगं रिकामं झालेलं असायचं. हाडं तेवढी चिखलात विखुरलेली. तिचे वडील ती गोळा करून पुन्हा मातीआड करायचे. कुणाची का असेनात, आपल्या शेतात झोपलेली माणसं आहेत, म्हणायचे.

मी काकांना विचारलं.

"गाव?" काका हसले. "अगं, डीलर ते सांगत नसतो आणि आपण विचारायचं नसतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात आरती सुरू झाली. मंत्रपुष्पांजलीसाठी सगळ्यांच्या हातांत फुलं-अक्षता दिल्या, तिलाही दिल्या. सगळ्यांनी आपापली फुलं गणपतीला वाहिली. तिने मात्र तिची घोड्याच्या खुरांशी ठेवली आणि कमरेत वाकून तीनदा नमस्कार केला.

हशा पिकला. "अहो, बाप्पा इकडे!" कुणीतरी ओरडलं. "सो क्यूट!" काकांची नात म्हणाली.

"चिनी आहे ना, कन्फ्यूज झाली बिचारी," काका म्हणाले.

"ती कन्फ्यूज नाही झाली," मी म्हणाले. माझा आवाज चढलाच. "ज्याचा घोडा तुम्ही घरी आणलात, त्या मेलेल्या माणसाला तिने नमस्कार केला. तलवारीवर भाषणं करता ना काका? मग हे काय आहे?"

"फरक आहे!" काका कडाडले. "त्यांनी लुटलं. मी विकत घेतलंय."

आणि माना डोलल्या. तलवारीसाठी टाळ्या पिटणाऱ्या त्याच सगळ्या माणसांच्या. काकूंनी घाईघाईने मोदकांचं ताट माझ्यापुढे धरलं, "जाऊ दे गं, सणासुदीचं कशाला?" मी मोदक घेतला नाही. आज इतक्या वर्षांनीही ते "विकत घेतलंय" आठवलं की माझं डोकं फिरतं.

परतताना ड्राइव्ह करत मी तावातावाने बोलत होते. काकांना शिव्या घालत होते, मधूनमधून तिची माफी मागत होते. ती खिडकीबाहेर बघत होती. तिच्या बिल्डिंगपाशी गाडी थांबवली, तरी ती उतरेना.

"तुमच्यात माणूस गेला की जाळतात ना?" तिने विचारलं.

"हो."

"बरं करता," ती म्हणाली. "कुणाला उकरून न्यायला काही उरत नाही."