चौथ्या वर्षी आलेल्या रूथबाई

श्रीमती रूथबाई सोनटक्के आणि मी रत्नागिरीच्या एकाच ख्रिस्ती मंडळीत सात वर्षे उपासनेला बसत होतो. पण आमची खरी ओळख झाली ती माझे यजमान जाऊन चार वर्षे झाली त्या दिवशी. तोवर "सलाम, बाई" आणि "सलाम" एवढेच आमचे बोलणे.

यजमान जयगडच्या बंदरात नोकरीला होते. त्यांच्यासाठी आम्ही नगरकडून इथे आलो, आणि ते गेल्यावर शाळेतल्या नोकरीसाठी मी इथेच राहिले. मूलबाळ नाही. पहिल्या स्मृतिदिनाला घरात बसायला जागा नव्हती. दुसऱ्या वर्षी फोन आले. तिसऱ्या वर्षी थोरल्या दिरांचा तेवढा आला. चौथ्या वर्षी कुणाचाच नाही. यात कुणाचा दोष नव्हता. ज्याला त्याला आपला संसार असतो. मी शाळेतून आले आणि पिशवी मांडीवर घेऊन तशीच खुर्चीत बसून राहिले. एवढ्यात बेल वाजली.

दारात रूथबाई उभ्या होत्या. हातात ना फुले, ना बायबल.

"आज शमुवेलरावांचा दिवस ना गो? म्हटलं, बसावं जरा."

चहा झाला. बाईंनी सांत्वनाचा एकही शब्द काढला नाही. त्यांनी विचारले, "त्यांना जेवायला काय आवडायचं?"

मी सांगू लागले. आम्ही नगरकडची माणसे, मासे कधी खाल्लेले नाहीत. इथे आल्यावर यजमानांना मुडदुशांची चटक लागली. पण काट्यांची भीती इतकी, की दोन मासे खायला त्यांना पाऊण तास लागे आणि तोवर भात थंडगार होई. सांगता सांगता मला हसू फुटले. त्यांचे नाव घेऊन मी चार वर्षांत पहिल्यांदा हसत होते.

त्या निघाल्या तेव्हा मी विचारले, "बाई, तुम्हांला कसं लक्षात राहिलं?"

"कोर्टात तीस वर्षं टायपिंग केलं गो. तारखा विसरायच्या म्हटल्या तरी विसरता येत नाहीत. आणि पहिल्या वर्षी सगळेच येतात. मी पुढच्या वर्षांना जाते."

बाई हे किती वर्षे करत होत्या, ते मला पुढे हळूहळू कळले. ज्यांच्याकडे त्या जात, ती माणसे त्याबद्दल फारसे बोलत नसत. पण त्यांतली काही स्वतःच दुसऱ्यांकडे जाऊ लागली होती. मीही गेले. आमच्या मंडळीतले दाऊदकाका एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, मितभाषी गृहस्थ. काकी जाऊन सहा वर्षे झाली होती. मी गेले तेव्हा काका फाटकातच उभे राहिले.

"काही काम होतं?"

"नाही. आज काकींचा दिवस."

त्यांनी फाटकाची कडी काढली. मग म्हणाले, "ये, आत ये." पुढच्याच वर्षी हे काका एस.टी.ने खेडला गेले. लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात काम करणारा झारखंडचा एक तरुण तिथे खोली घेऊन राहत होता. त्या दिवशी त्याच्या आईचा स्मृतिदिन होता; तिच्या मातीला त्याला पोहोचता आले नव्हते. काकांचे हिंदी एस.टी.च्या फलाटापुरतेच. तरी दोघे दुपारभर बसून होते म्हणे.

मंडळीच्या चिटणीसांनी मग उत्साहाने सगळ्या तारखांची यादी केली आणि व्हॉट्सॲपवर हात जोडलेली चित्रे पाठवायला सुरुवात केली. बाईंनी त्यांना हळूच सांगितले, "छान आहे हो. पण मेसेजबरोबर चहा कसा प्यायचा?"

एका गोष्टीबद्दल इथे लिहावे की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. बाईंनीच परवानगी दिली, म्हणून लिहिते.

ईस्टरच्या आधी आम्ही दफनभूमी साफ करत होतो. कुंपणाला घातलेल्या चिऱ्यांच्या गडग्याजवळ गवताखाली एक लहानसा दगड सापडला. त्यावर 'बाळ सोनटक्के' आणि एकच तारीख. दाऊदकाका म्हणाले, "बाईंचं पहिलं. अकरा दिवस जगलं." बाईंच्या यजमानांच्या दिवशी आम्ही दरवर्षी त्यांच्याकडे जात होतो, पण हे कुणी कधी बोलले नव्हते.

ती तारीख आली तेव्हा मी सकाळपासून घाबरलेली होते. तरी गेले.

"बाई, आज बाळाचा दिवस."

"कुणी सांगितलं तुला?" असा कठोर आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्या आत गेल्या. दार लोटले गेले. मी पायरीवर बसले. आपण फार मोठी चूक केली असे वाटत होते, आणि उठून जाणे त्याहून वाईट वाटत होते.

बऱ्याच वेळाने बाई बाहेर आल्या आणि शेजारी टेकल्या.

"मुलगी होती. बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी गेली. नाव ठेवायचं राहिलं. मी मनात तिचं नाव माधुरी ठेवलं होतं. पन्नास वर्षांत कुणी विचारलं नाही गो. यांनीसुद्धा नाही."

मग बाई रडल्या. मी त्यांच्याजवळ बसून राहिले. तेवढे त्यांच्याकडूनच शिकले होते.

यंदा बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त मंडळीने शाल देऊन सत्कार करायचे ठरवले, तेव्हा बाई म्हणाल्या, "शाल नको. त्या दगडावर नाव घालून द्या." गेल्या महिन्यात ते कोरले गेले. त्या सकाळी सगळी मंडळी तिथे उभी होती आणि पाळकसाहेबांनी ते नाव मोठ्याने वाचले.

बाईंचे एकटेपण त्याने संपले, असे मी लिहिणार नाही. माझेही संपलेले नाही. परवाच मी त्यांना शंभरी गाठा म्हणाले, तर बाई म्हणाल्या, "आणखी पंचवीस वर्षं? एवढ्या संध्याकाळी घालवायच्या कशा गो?"

एकमेकांकडे जाणाऱ्या आम्हां सगळ्यांच्या वतीने त्याचे उत्तर इथे लिहिते. रूथबाई, प्रभू तुम्हांला भरपूर आयुष्य देवो, गुडघे चालते ठेवो आणि नजर शाबूत राखो. ती वर्षे रिकामी जाऊ नयेत, हे मात्र त्याच्यावर सोपवून आम्ही मोकळे होणार नाही.