ताराने न घेतलेला घास

डिंडोलीत माझ्या शेजारच्या खोलीत तारा राहते. धडगावकडची भिलीण. नवरा गेला, तेव्हापासून साड्यांचे धागे कापून पोरीला शिकवते. चार बायकांत कधी आवाज चढवायची नाही. मी म्हणायची, "अगं बये, जरा भांडायला शिक, हे सुरत आहे!" ती नुसती हसायची.

त्या दिवशी हिलाल मुकादमानं तिच्या अकरा वर्षांच्या स्नेहाला मालाच्या खोलीत ओढलं. पोर त्याच्या हाताला कडकडून चावली, पळाली, तिनं आईला सगळं सांगितलं. तारा पोलिसांत निघाली, तर तिच्याच समाजाचे पंच दारात हजर! सगळ्यांना काम देणारा मुकादमच ना. त्याच्याकडून बोकड घेतला आणि तडजोडीचं जेवण ठरवून टाकलं.

त्यांच्या पाड्याची रीत अशी, की ज्याच्यावर अन्याय झाला त्यानं त्या जेवणातला पहिला घास घेतला की भांडण मिटलं. नंतर ब्र काढायचा नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पंगत बसली. मेला मुकादम समोरच बसलेला, मान खाली घालून. म्हातारे पंच दगाबाबा म्हणाले, "तारा, घे घास. कायदा सरकारचा, रीत आपली. ती राखली म्हणून आपण टिकलो."

"राखतेच आहे, बाबा. घास घेतल्याशिवाय मिटत नाही ना? मग मी घेत नाही."

तिनं ताट पुढे सरकवलं, स्नेहाचा हात धरला आणि उठली.

"वाळीत टाकू!" कुणीतरी ओरडलं.

"टाका."

माय वं! मी चपला न घालताच तिच्यामागे धावले.

चौकीत साध्या कपड्यांतल्या पोलीसबेन भेटल्या. म्हणाल्या, "तुमच्या लोकांचा फोन आला, मिटलंय म्हणून. पण लहान पोरीवरचा गुन्हा असा घरात मिटवता येत नाही, बेन. ही बोलेल का?"

स्नेहा आईला चिकटून बसली होती. तारा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग पोर बोलली. सगळं बोलली. फिर्याद झाली आणि पोलिसांनी हिलालला पंगतीतूनच उचललं.

संध्याकाळी घरी आलो. तारा सकाळपासून उपाशी होती. स्नेहानं डब्यातली भाकरी काढली, चटणीला लावून तुकडा आईच्या तोंडापाशी नेला.

"मी सांगितलं सगळं, आये. आता खा."

तारानं तो घास घेतला आणि मग ढसाढसा रडली.