चहाच्या फ्लास्कातला नायट्रोजन

धाकटा भाऊ मस्कतहून सुट्टीवर आला तेव्हा बाबांना पेजसुद्धा उतरत नव्हती. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून अन्ननलिकेत गाठ सांगितलेली. ऑपरेशन छातीला झेपणारं नव्हतं, मुंबईला नेऊन किरणांचे शेक देऊन आणले, त्यानेही फरक पडला नव्हता. दोन हजार सालानंतरचीच ही गोष्ट.

भावाला तिकडे कुणीतरी सांगितलं होतं की परदेशात आता असली गाठ द्रव नायट्रोजनने गोठवून मारतात. ते खोटं नव्हतं. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, दुर्बिणीतून अगदी थोडा फवारा मारतात आणि गॅस बाहेर पडायला शेजारी वेगळी नळी ठेवतात. ती तुंबली तर पोट फाटतं. निभावलं तरी पुढे अन्ननलिका आकसते. तिकडेसुद्धा अजून चाचपडतायत, आपल्याकडे नाव काढू नका.

मी जनावरांच्या दवाखान्यात कामाला. गाई भरवायचं वळूचं बीज ज्या द्रव नायट्रोजनात ठेवतात, तो कंटेनर माझ्याच ताब्यात. वाटीभर द्रवाचा पिंपभर गॅस होतो, म्हणून त्याचं झाकण कधी घट्ट बसवायचं नसतं. पण भाऊ रोज डोकं खायचा. "तुझ्याकडे भरून पडलाय नि बाबा उपाशी मरतायत. गाईला चालतं, बापाला चालत नाय?"

"मेल्या, गाईच्या घशात ओततो काय मी?"

एका दुपारी फेरीवरून घरी आलो तर बाबांच्या खाटेवर चहाचा फ्लास्क. टोपण पिळून घट्ट लावलेलं, त्याच्याभोवती पांढरं हिव धरलेलं. शेजारी भाऊ, हातात रबरी नळी. दवाखान्याची दुसरी किल्ली खुंटीवरच्या माझ्या शर्टातून काढली होती त्याने.

मी फ्लास्क उचलला आणि दारापुढच्या खळ्यात भिरकावला. चिऱ्यावर आपटला तसा फुटला, सुरुंग लावल्यागत. काच नि पत्रा सगळीकडे. एक कोंबडी जागीच लोळली. हे बाबांच्या उशाला फुटलं असतं. माझं डोकंच फिरलं. पहिल्याच ठोशात भावाचा ओठ फाटला. खाली पाडून छातीवर बसलो आणि मारत सुटलो. दात पडला तरी थांबलो नाही. त्याचं डोकं जमिनीवर आपटताना मला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. आई मागून माझे केस ओढत होती. "माझ्या बापाला मारतोस?" एवढंच मी ओरडत होतो. त्याने एकदाही हात उगारला नाही, हे तेव्हा ध्यानातच आलं नाही.

बाबा खाटेवरून उतरले. भिंत धरत आले आणि मला लाथ घातली. अंगात जोर नव्हता, तरी घातली.

"सोड त्याला. मी सांगितलं आणायला."

"बाबा, पोट फुटलं असतं तुमचं."

"ठाऊक आहे. तूच तर दहादा सांगितलंस. ते ऐकून तोही घाबरला होता, रडत होता, नको म्हणत होता. मी गळ्याची शपथ घातली." जरा दम खाऊन म्हणाले, "भूक सोसवत नाय रे. जगलो असतो तर जेवलो असतो, मेलो असतो तर सुटलो असतो."

मी त्यांना धरायला गेलो, तर त्यांनी माझा हात झटकला. रक्ताने भरलेला भाऊ कसाबसा उठला. त्याच्या खांद्यावर हात टाकून ते खाटेकडे गेले.